दोन बोटांची जागा

१

मोहिमेच्या आधीचे पंधरा दिवस क्लबच्या सामानाच्या खोलीत थोरल्याशिवाय पान हलत नसे. भिंतीला लावलेली निळी पिंपं, छताच्या हुकांना टांगलेले दोर, खिडकीखाली बर्फाच्या कुऱ्हाडी, आणि मधोमध कानावर पेन्सिल खोचून, हातात यादी घेऊन तो. तंबूचे जास्तीचे खुंटे कुठल्या पिंपात, चष्म्यांच्या काचा कुठल्या पिंपात, सगळं डोळे मिटून सांगायचा. लीडर येताजाता पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, दादा आहे म्हणून आम्ही निर्धास्त. ही थाप थोरल्याला कशी झोंबायची ते त्याचं त्यालाच माहीत. कारण ज्याने पिंपं भरायची तो काही शिखरावर जाणार नव्हता. तो बेस कॅम्पवर बसून इतरांची वाट बघणार होता.

शिखरावर जाणार होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ. लीडर आणि धाकटा, दोघांचीच जोडी. घरात आईने त्याचं नाव सोन्या पाडलं होतं, आणि क्लबनेही तेच उचललं. थोरल्याला मात्र सगळे दादा म्हणत. दादा म्हणजे काय, तर ज्याच्याकडे किल्ल्या असतात तो.

बारा वर्षांपूर्वी याच डोंगरावर थोरला गेला होता. वर पोचायला जेमतेम दोनशे मीटर उरले असताना परतला. येताना डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हिमदंशाने गेलं. परत आलेल्या माणसाला लोक चार दिवस विचारतात, पाचव्या दिवशी विसरतात. तोवर घरात अकरा वर्षांनी लहान असलेला भाऊ दोराच्या गाठी मारायला शिकत होता, आणि शिकवत होता कोण, तर हाच. पुढे धाकट्याचं लग्न झालं, लेक झाली, खालचा मजला त्याचा झाला. थोरला वरच्या खोलीत एकटा राहिला. जेवायला खाली बोलवायचे. तो जायचा, छान झालंय म्हणायचा आणि वर येऊन उशीत तोंड खुपसून पडायचा. भावाचं वाईट व्हावं असं त्याला वाटत होतं का? छे. त्याला एवढंच वाटायचं की हे सगळं चुकीच्या दारात उतरवलेलं आपलं सामान आहे.

मग नवे बूट आले. या बुटांची एक गंमत असते. बाहेर कडक कवच, आत मऊ फोमचा दुसरा बूट. हा आतला बूट ओव्हनमध्ये गरम करायचा, पायात चढवायचा आणि पंधरा मिनिटं ताठ उभं राहायचं. गार होता होता तो त्याच पायाचा होऊन जातो, गाठी-उंचवट्यांसकट. धाकटा त्या दुपारी त्यासाठीच यायचा होता. लेकीला ताप आला म्हणून त्याने फोन केला, दादा, उद्या करू. थोरल्याने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ओव्हन तापलेलाच होता.

दोघांचा नंबर एकच. एकदा तरी आपला पाय यात जाऊ दे, एवढंच थोरल्याच्या मनात होतं. तो खोलीच्या मधोमध पंधरा मिनिटं उभा राहिला. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. बूट पायातून काढले तेव्हा डाव्या बुटात दोन बोटांची जागा बुजली होती. जिथे पाचही बोटं शाबूत असलेल्या पायाला ऐसपैस जागा लागते, तिथे आता फोमचा घट्ट उंचवटा होता.

परत गरम करून ते सरळ करता आलं असतं. त्याने केलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याला सांगून टाकलं की यांना काही करावं लागत नाही, तयारच येतात. उंचावर बूट आवळला की रक्त अडतं आणि रक्त अडलं की बोट जातं, हे त्याच्याहून जास्त कुणाला कळणार? पहिल्याच दिवशी चावेल, सोन्या बोंब मारेल, तेव्हा बघू, असं त्याने स्वतःला समजावलं. आणि ऐन वेळी बोंब मारली तर लीडरला दुसरा माणूस लागेल. यापुढचा विचार त्याने केला नाही, म्हणजे तसं तो स्वतःला सांगत होता.

२

ट्रकने जिथवर रस्ता होता तिथवर सोडलं. तिथून दोन दिवस दगडधोंड्यांची दरी, एका बाजूला नदीचा आवाज. तिसऱ्या दिवशी सकाळी समोर सगळं पांढरं दिसलं. एवढ्या खाली बर्फ यंदाच उतरलं होतं. लीडर म्हणाला, मोठे बूट काढा.

 थोरल्याने स्वतःचे जुने बूट पायात घातले, पण लक्ष सगळं धाकट्याकडे. धाकटा एका खडकावर बसला, उजवा पाय घातला, डावा घातला, उभा राहिला, दोनदा पाय आपटले.

"चावत नाहीत ना?" थोरल्याने विचारलं.

"छान बसलेत, दादा. पहिल्या दिवशी इतके मऊ बूट मी आजवर घातले नाहीत."

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. चावायला हवे होते. पाच बोटांचा पाय त्या बुटात जाऊच कसा शकतो? मग त्याने नेहमीसारखा हिशेबी विचार केला. थंडीत पाय आकसतो. मोजे पातळ घातले असतील. आणि आपल्याला वाटला तेवढा तो उंचवटा मोठा नसेलही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्याला बरंही वाटलं, आणि खोटं कशाला बोला, वाईटही वाटलं.

त्या दिवशी लीडर पुढे, मागे मोहिमेच्या डॉक्टरबाई, मग धाकटा आणि शेवटी थोरला. पाचवं माणूस नव्हतं. सामान हमालांबरोबर पुढे निघून गेलं होतं. थोरल्याची नजर खाली होती, कारण चढावर दुसरं बघण्यासारखं काही नसतं. दुपारपर्यंत तो धाकट्याच्या पावलांच्या ठशांत बघत चालला होता. उजवा ठसा सरळ. डावा बाहेरच्या बाजूला वळलेला, टाच खोल, पुढची कड उमटलेलीच नाही.

ही चाल त्याला ओळखीची होती. बारा वर्षं तो अशीच चाल चालत होता. दोन बोटं नसली की माणूस त्या कडेवर भार टाकत नाही, टाचेवर टाकतो. घराच्या जिन्यावर त्याच्या डाव्या पायाचा आवाज वेगळा यायचा, आणि पुतणी खालून ओरडायची, काका आला.

तो थांबला. मागे वळून स्वतःचे ठसे बघितले. दोन्ही सरळ होते.

थोरला तिथे बराच वेळ उभा राहिला असावा, कारण डॉक्टरबाई वरून हाका मारायला लागल्या. त्याने त्यांना विचारलं की उंचीवर माणसाला नसतं ते दिसतं का. त्या हसून म्हणाल्या, अजून तेवढ्या उंचीवर नाही आलो, पण पाणी कमी पडलं तर काहीही दिसतं. त्याने अर्धी बाटली घशाखाली उतरवली. त्यानंतर त्याने खाली बघायचंच सोडून दिलं.

३

चौथ्या दिवशी ते वाटेवरच्या शेवटच्या मुक्कामाला पोचले. दगडी भिंतींची एकच लांब खोली, मधे लोखंडी शेगडी, भिंतीला लावून बाकं. चालवणारी म्हातारी बारा वर्षांपूर्वीचीच. तेव्हा तिने थोरल्याचा पाय चार तास कोमट पाण्यात धरून ठेवला होता. घरी आल्यावर तो कितीदा तरी म्हणाला होता की आईनेसुद्धा माझं इतकं केलं नाही. तिला भेटायचं म्हणून तो दोन दिवस मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता.

म्हातारी शेगडीपाशी बसली होती. सगळे आत आले, टोप्या काढल्या. ती उठली, थोरल्याच्या बाजूने पुढे गेली आणि धाकट्याचे दोन्ही हात धरले.

"पाय कसा आहे रे तुझा?"

थोरल्याला हसू आलं. नजर अधू झाली असेल बिचारीची. भाऊभाऊ आहोत, तोंडवळा एक, दाढ्या वाढलेल्या, जॅकिटं एकाच रंगाची. आता सोन्या म्हणेल, आजी, मी नव्हे, तो. सोन्या तसं म्हणाला नाही. बाकावर बसता बसता तो म्हणाला, "थंडीत ठणकतो थोडा. सवय झाली."

आणि मग सूप पिता पिता धाकट्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली. बारा वर्षांपूर्वीची. सगळ्यांना ठाऊक होतं त्याप्रमाणे थोरला हवा बिघडली म्हणून परतला होता. धाकटा म्हणाला, हवा बिघडली नव्हती. आभाळ लख्ख होतं. जोडीदार पुढे गेला होता. मी वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि माझे पाय हलेनात. तासभर बर्फात बसून राहिलो आणि लहान पोरासारखा रडलो. बोटं गेली ती त्या बसण्याने. खाली आल्यावर हवेचं नाव पुढे केलं.

 हे थोरल्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, लीडरला नाही. हॉस्पिटलात तापात बरळलो असेन, सोन्या उशाशी बसायचा, तेव्हा ऐकलं असेल, असं त्याने ठरवलं. पण हा 'मी' काय म्हणतोय? आणि बाकीच्यांना काहीच कसं वाटत नाही? लीडरचे डोळे ओले झाले होते. तो म्हणाला, दादा, इतकी वर्षं बोलला का नाहीस रे. हे तो धाकट्याकडे बघून म्हणाला. डॉक्टरबाईंनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीने त्याच्या वाडग्यात आणखी सूप ओतलं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस घाबरला असेल. घाबरला तर होताच. पण त्याहून जास्त त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं ज्या गोष्टीची लाज उराशी धरून तो जगला, ती या पठ्ठ्याने चार वाक्यांत सांगितली आणि वर सगळ्यांची माया मिळवली. लग्न त्याला, लेक त्याला, शिखर त्याला. आणि आता माझी फजितीसुद्धा त्यालाच का? थोरला बाकाच्या टोकाला सरकून बसला. त्याला कुणी काही विचारलं नाही. मघाशी भूक नव्हती, आता सपाटून लागली होती, आणि त्याने दोन वाडगे संपवले.

४

बेस कॅम्प म्हणजे हिमनदीच्या कडेला दगडगोट्यांवर ठोकलेले पाच तंबू. मोठ्या तंबूत घडीचं टेबल, शेगडी, आणि भिंतीला लावलेली निळी पिंपं. थोरला आत शिरला तेव्हा धाकटा पिंपांशी वाकला होता. कानावर पेन्सिल. खुंटे कुठल्या पिंपात हे लीडरने विचारलं आणि धाकट्याने मान वर न करता सांगितलं.

थोरला म्हणाला, ठेव, मी बघतो ते. लीडरने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तू झोप जरा, म्हणाला, तुझं काम पुढे आहे. थोरल्याची पाठपिशवी कुणीतरी लीडरशेजारच्या तंबूत नेऊन ठेवली होती. तो तंबू चढणाऱ्यांचा. जागेची अडचण असेल, त्याने मनात म्हटलं. पण झोपण्याच्या पिशवीत शिरताना त्याला आठवलं की जागेची आखणी त्यानेच केली होती, आणि अडचण नव्हती.

एक मात्र खरं, की त्याला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पाचव्या दिवशी सगळ्यांची डोकी दुखत होती, तो शीळ घालत होता. डॉक्टरबाईंनी बोटाला चिमटा लावून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, तुझा तर आमच्या सगळ्यांहून चांगला आहे. गुडघे कुरकुरत नव्हते. पायऱ्यांसारख्या दगडांवरून तो उड्या मारत पाण्याच्या डबक्यापर्यंत गेला आणि धापही लागली नाही. हवापालटाने होतं असं, त्याने स्वतःला सांगितलं. इतक्या उंचीवर हवापालटाने कुणाचं भलं झाल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी सॅटेलाइट फोन लागला. प्रत्येकाला दोन मिनिटं. लीडर घरी बोलला, डॉक्टरबाई बोलल्या. मग लीडरने फोन थोरल्याच्या हातात दिला. त्याला कुणाचा फोन येणार? त्याने कानाला लावला.

"बाबा?" पुतणी होती. "बाबा, तू कधी येणार?"

एक क्षण लागला असता. बेटा, मी काका, थांब हं, बाबाला देतो. एवढंच म्हणायचं होतं. आणि धाकटा समोर पाच पावलांवर उभाच होता, हातात यादी घेऊन. पण अशी हाक थोरल्याला आजवर कुणी मारली नव्हती.

"लवकर येणार, राणी," तो म्हणाला. "ताप गेला ना?"

ताप गेला होता. तिने चित्र काढलं होतं, त्यात डोंगर होता आणि वर बाबा. मग भावजय फोनवर आली. तिचा आवाज थोरल्याशी बोलताना असायचा तसा नव्हता. मऊ होता, थोडा रागावलेला. तिने विचारलं, नीट जेवतोस ना रे. ती त्याला आजवर भावोजी आणि तुम्ही म्हणत आली होती. दोन मिनिटं संपली. थोरल्याने फोन परत दिला तेव्हा त्याचे कान तापले होते, आणि तो इतका सुखावला होता की त्याला स्वतःची लाज वाटली.

मान वर केली तर धाकटा त्याच्याकडे बघत होता. हसत होता, म्हणजे ओठ हसत होते. ती नजर थोरल्याने आरशात कधी बघितली नव्हती, कारण ती नजर असताना माणूस आरशासमोर नसतो. जेवणाच्या टेबलावर असतो, समोर दुसऱ्याचं पोर दुसऱ्याच्या मांडीवर असतं. पण आतून तो ती नजर पुरेपूर ओळखत होता.

लीडर म्हणाला, "दादा, तुला नाही का कुणाला फोन करायचा?" धाकट्याने मान हलवली आणि तो यादीत खूण करायला लागला.

५

चढाईच्या आदल्या सकाळी डॉक्टरबाईंनी पाय तपासले. हा नेमच असतो. सगळ्यांनी मोठ्या तंबूत स्टुलांवर बसायचं, मोजे काढायचे, त्या एकेक बोट दाबून बघतात. थोरला चार दिवस मोजे न काढता झोपत होता. थंडी होती, हे कारण खरंच होतं.

त्याने उजवा मोजा काढला. डावा काढताना मुद्दाम लीडरशी बोलत राहिला, दोराबद्दल, कशाबद्दल तरी. डॉक्टरबाई समोर बसल्या. त्यांनी पाय हातात घेतला आणि दाबायला लागल्या. अंगठा. दुसरं. तिसरं. मग त्या थांबल्या नाहीत. त्याला आणखी एक दाब जाणवला, आणि त्यानंतर आणखी एक.

"एक नंबर पाय आहेत, सोन्या," त्या म्हणाल्या आणि पुढच्या स्टुलाकडे वळल्या.

थोरल्याने खाली बघितलं नाही. मोजा वर ओढून घेतला. पण ओढताना कडेला जे हाताला लागलं ते लागलंच. समोरच्या स्टुलावर डॉक्टरबाईंच्या पाठीआडून दुसरा एक डावा पाय दिसत होता, अर्धाच, कडेला गुळगुळीत, जुन्या जखमेसारखा चकाकणारा. मग त्या सरकल्या आणि तेही दिसेनासं झालं.

सांगायला हवं, त्याने ठरवलं. बुटाचं सगळं सांगून टाकायचं. मी जळलो, मी केलं, मला क्षमा करा, आणि काय झालंय ते बघा. तो बाहेर लीडरपाशी गेला. लीडर दगडावर बसून शिखराकडे बघत होता. आज ते स्वच्छ दिसत होतं, हात लावावा इतकं. थोरला म्हणाला, मला काहीतरी सांगायचंय, मी तो नाही.

लीडरने त्याला शेजारी बसवलं. पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं, म्हणाला. आपण कोण, कशाला आलो, घरी बायकापोरं आहेत. दादालाही तेच झालं होतं ना. उद्या माझ्यामागे चालत राहा, बस. परवा तू तिथे असशील. आणि त्याने बोटाने शिखर दाखवलं.

थोरल्याने बघितलं. बारा वर्षं त्याला जे स्वप्नातसुद्धा पाठ दाखवून जायचं, ते समोर होतं, आणि लीडर ते त्याला देत होता. आता तोंड उघडलं तर काय परत मिळणार होतं? वरची खोली, किल्ल्या, आणि जेवताना समोर ते तिघं. तो हो म्हणाला. उद्या तुझ्यामागे येतो, म्हणाला. मग तो आत गेला आणि रात्री गाढ झोपला, हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण झोपला खरा.

६

सकाळी धाकट्याने बूट आणून त्याच्यापुढे ठेवले. शेगडीपाशी शेकून ठेवले होते, म्हणाला. तेच नवे.

थोरल्याने उजवा घातला. डावा घालायला लागला तर पाय आत जाईना. त्याने जोर केला. दोन बोटं एकमेकांवर चढली आणि तिथेच अडकून बसली. डोळ्यांतून पाणी आलं.

धाकटा गुडघ्यावर बसून त्याच्या नाड्या बांधत होता. आवळून, नीट, थोरल्यानेच त्याला लहानपणी शिकवल्या होत्या तशा. लीडर दहा पावलांवर दोर उलगडत होता.

"चावतायत का?" धाकट्याने खालच्या आवाजात विचारलं.

"नाही."

"बघ हं. आत्ता सांगितलंस तर काही बिघडत नाही. मी जातो ना तुझ्याऐवजी."

त्याच्या आवाजात काळजी होती, आणि त्या काळजीखाली काय होतं ते थोरल्याला सांगावं लागणार नव्हतं. तो उभा राहिला. पाय आपटला. कळ थेट कमरेपर्यंत गेली. चला, तो म्हणाला.

दहा वाजेपर्यंत ते दोघे मोठ्या उतारावर बरेच वर आले होते. लीडर पुढे, मधे दोर, मागे थोरला. तासभर डावा पाय नुसता ठणकत होता. मग ठणका कमी झाला. मग थांबला. ठणका थांबणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. तो लीडरला काही बोलला नाही.

या उतारावर एक अडचण आहे. पश्चिमेचं आभाळ इथून दिसत नाही, डोंगराचाच खांदा आड येतो. ते दिसतं फक्त बेस कॅम्पवरून. म्हणून प्रत्येक मोहिमेत इथे थांबायचं, वायरलेसवर खाली विचारायचं, आणि खालचा माणूस काय सांगेल त्यावर पुढे जायचं की परतायचं हे ठरवायचं. पुढे सहा तास आडोसा नाही. खालच्या माणसावर दोन जीव असतात, म्हणून तिथे भरवशाचा माणूस ठेवतात.

लीडरने वायरलेस तोंडाशी धरला. दादा, पश्चिमेला काय दिसतंय?

खरखर झाली. मग पलीकडून कुणीतरी श्वास घेतला. छोटासा, पाण्यात बुडी मारण्याआधी घेतात तसा. मग आवाज आला. थोरल्याचा स्वतःचा आवाज. वायरलेसवर आपलाच आवाज कसा येतो ते त्याने कितीदा ऐकलं होतं.

"स्वच्छ आहे. ढगाचं नाव नाही. चला पुढे."

लीडर हसला आणि वायरलेस खिशात ठेवला.  तो श्वास. खोटं बोलण्याआधी थोरला नेहमी असाच श्वास घ्यायचा, नकळत, लहानपणापासून. आईलासुद्धा हे कधी उमगलं नव्हतं. जगात एकच माणूस हे ओळखू शकत होता.

त्याने खाली बघितलं. पाच तंबू, ठिपक्यांएवढे. मोठ्या तंबूपुढे एक माणूस उभा होता. तो वर बघत नव्हता. कपाळावर हाताची सावली धरून तो पश्चिमेकडे बघत होता, आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"थांब," थोरला म्हणाला.

लीडर वळला. "काय झालं?"

थोरल्याच्या ओठांवर आलं होतं की तो खोटं बोलतोय, आपण परतू या, तुझा जीव वाचेल, माझाही. पण लीडर पुढचा प्रश्न विचारणार. तुला कसं कळलं? आणि त्याचं उत्तर एकच होतं. ते उत्तर दिलं की शिखर गेलं, फोनवरची ती हाक गेली, सगळं गेलं. लीडर वाट बघत होता. डोंगराच्या खांद्यापलीकडून वाऱ्याचा एक झोत आला आणि त्यात बर्फाचे चार कण होते.

"सोन्या, बोल ना. काय झालं?"

"काही नाही," थोरला म्हणाला. "चल."

दोर ताणला गेला, आणि त्याने लीडरच्या मागे पाऊल टाकलं.